सहा वॉट

गॅरेजच्या दाराला वीज किती लागते
ते मी मोजलं होतं. कागद अजून आहे,
फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला.
कागदगिरणीत सदतीस वर्षं काढलेला माणूस मी,
मीटरने सांगितल्याशिवाय
उन्हाळाही खरा धरत नाही.

उघडताना पाचशे वॉट.
आउने म्हणाली, अबब!
पण पंधराच सेकंद. साखळी कुरकुरते,
दार छताखाली पाठ टेकायला वर सरकतं,
खेळ खलास.
दिवसातून चार वेळा, वर्षभर:
तीन युनिटं. छत्तीस सेंट.
एक केळं येतं तेवढ्यात, तेही डागाळलेलं.

उरलेला वेळ दार काहीच करत नाही.
छताला टांगलेली ती पेटी, तिचा तांबडा ठिपका,
नुसती कान देऊन असते:
कुणी बटण दाबलं का, कुणी दाबलं का,
सहा वॉट,
मी जेवताना, आम्ही भांडताना,
सगळा थंडर बे झोपलेला असताना.
वर्षाचे सहा डॉलर तीस.

कामाचे छत्तीस सेंट
आणि कान देण्याचे सहा डॉलर.
नमनालाच घडाभर तेल!
मी प्लग उपटला.

नऊ जानेवारी. तारीखही आहे कागदावर.
पहाटे उणे चौतीस.
आउने रात्रपाळी उरकून
सात वीसला दारासमोर आली.
बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
हॉर्न वाजवला नाही. नर्सच ती,
झोपलेल्या माणसाला उगाच उठवायची नाही.
गाडी बाहेरच सोडून
गुडघाभर बर्फातून पुढच्या दाराने आत आली.
मला जाग आली ती शिडी ओढल्याच्या आवाजाने.
पापण्या पांढऱ्या, अंगात कोट तसाच,
वर चढून तिने प्लग लावला
आणि एक शब्द न बोलता कॉफी टाकली.

त्या दुपारी गाडी सुरूच झाली नाही.
माझ्या बेरजेखाली, माझ्याच पेन्सिलीने,
तिचं अक्षर:
"बॅटरी, नवी. एकशे ऐंशी."

शेजारचा रेमंड मिशो हसून हसून बर्फात बसला.
मग दाराच्या बुडाशी हात घालून म्हणाला, हे बघ.
रबराची पट्टी फाटलेली, बोटभर फट,
आत हीटर चालू, वर्षानुवर्षं
मी अख्खा रस्ता तापवत होतो.
मोरीला बोळा
आणि दरवाजा मोकळा, म्हणतात ना,
इथे तर दरवाजा अक्षरशः दरवाजाच होता.
पट्टीची किंमत विचारली मी. महाग वाटली.
पुढच्या वर्षी बघू म्हटलं.
असं अकरा वेळा म्हटलं.

आता गाडी विकली.
आउने टेकडीवरच्या त्या इमारतीत असते
जिथली दारं आकडे दाबल्यावर उघडतात
आणि आकडे तिला आठवत नाहीत.
कोटाच्या खिशात गॅरेजचं बटण मात्र आहे,
काढून घेऊ देत नाही कुणाला.
तिथली पोरगी सांगते, सकाळी नाश्त्याआधी
खिडकीशी जाऊन दाबते,
थांबते, पुन्हा दाबते.

बटणाचा पल्ला तीस मीटर.
मोकळ्या हवेत पस्तीस. मोजलाय.
टेकडी इथून चार किलोमीटर.

सात वीसला मी गॅरेजमध्ये असतो.
काही ना काही काम निघतंच,
खिळे निवडायचे असतात.
ठिपका तांबडा. दर वाढलाय,
आता सात डॉलर दहा पडतात.

परवा मुलगी आली, बिल चाळलं,
वर बघून म्हणाली, बाबा,
गाडी नाही, काही नाही,
तो प्लग तरी काढून टाका.

मी म्हटलं, खाली बघ.
रबराची पट्टी बदलली मी.