चाकावरचा अंगठा

माझं काम साधं. बोलणाऱ्यासमोर काच असते,
काचेवर त्याचे शब्द वर सरकत जातात
आणि सरकवणारा अंगठा माझा.
सभागृहात वीस हजार माणसं, त्यांतल्या कुणालाच मी दिसत नाही.
व्यासपीठाच्या पोटात, वायरींच्या गुंत्यात,
कागदी पेल्यातली गार कॉफी आणि मी,
व्हर्नीटा ड्युप्री, वय अठ्ठावन्न.

जुलैत कोलंबस, ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटी.
एक पक्ष, मग दुसरा.
रोज दोघांचा सारखाच, आणि सँडविचही दोन्हीकडे टर्कीचंच.

रागाचं भाषण पळतं, हे आधी सांगते.
त्याची क्रियापदं भूतकाळातली: त्यांनी नेलं, त्यांनी विकलं,
त्यांनी वर आपल्याला हसून दाखवलं.
तिथं कंसात 'थांबा' लिहावं लागत नाही.
पुढची ओळ लोकच आधी ओरडतात
आणि माझा अंगठा मागून धावतो,
दांडग्या कुत्र्याची साखळी हातात आल्यासारखा.

आशेचं भाषण जड.
'उद्या' या शब्दापाशी जो तो रेंगाळतो,
निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा.
आणि कंस फार. (हसा.) (थांबा.) (टाळ्या ओसरू द्या.)
कॅन्सस सिटीत एकदा टाळ्या आल्याच नाहीत.
तो गव्हर्नर कंसातल्या शांततेत
दात दाखवत उभा,
फोटोग्राफर न आलेल्या लग्नातल्या नवऱ्यासारखा.
मीच चाक पुढं ढकललं. दया आली.

आता खरं सांगायचं तर,
कोलंबसला एक बाई बोलली. ट्रूडी ओस्टरमन,
कुठल्याशा काउंटीची खजिनदार, घसा बसलेला.
तिनं आमच्या टायर कारखान्याचं नाव घेतलं.
ॲक्रनचा, फाटक नंबर चार,
जिथं माझ्या भावानं, रॉस्कोनं, एकवीस वर्षं काढली.
नाव बरोबर, साल बरोबर,
कुलूप लागलं तो वारसुद्धा बरोबर.
मला काच दिसेनाशी झाली,
अंदाजानंच फिरवत राहिले.
पुढच्या ओळीत तिनं सांगितलं, हे कुणी केलं,
आणि बोट दाखवलं ते नेमकं अशांकडे
ज्यांतला एक, ओस्वाल्डो, रॉस्कोच्या शेजारच्या मशीनवर होता
आणि त्याच शुक्रवारी त्याच फाटकातून
रिकामा डबा घेऊन बाहेर पडला होता.
वीस हजार माणसं उभी राहिली.
माझा अंगठा थांबला नाही.
त्याला पैसे फिरण्याचे मिळतात.

कॅन्सस सिटीत कारखान्याचं नाव कुणी काढलं नाही.
तिथं ओस्वाल्डोला मिठी होती, नाव न घेता.
चार रात्रींत 'पहाट' एकतीस वेळा आली, मी मोजली.
एकाही पहाटेला पत्ता नव्हता.
शेवटी फुगे पडले. एक पिवळा
माझ्या बटणांवर येऊन बसला, आणि खोटं कशाला बोलू,
पर्समध्ये मावेना म्हणून
काखेत धरून हॉटेलवर नेला.

रविवारी रॉस्कोकडे गेले.
टोस्टर उघडून बसला होता, वर्तमानपत्रावर स्क्रू मांडून.
"कुणाचं बरं झालं?"
म्हटलं, रागाचं मिनिटाला एकशे सत्तर शब्द,
आशेचं एकशे दहा.
हसता हसता त्याला खोकला लागला.
"आणि ओस्वाल्डोबद्दल?"
म्हटलं, बोलले की, दोन्हीकडे बोलले.
"त्याला विचारलं होतं?"

मग तो एक स्क्रू शोधत राहिला. बराच वेळ.
माझ्या उशिरा लक्षात आलं,
टेबलाच्या कडेवर माझा अंगठा आपला फिरतोय,
त्याचं पुढचं वाक्य वर यावं म्हणून.
मी तो मुठीत धरला.
रॉस्को म्हणाला, दिवा जरा इकडं कर.