काज

कुर्ला पूर्वेची महापालिका शाळा,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.
आमच्या आधी तिथे मोडके बाक ठेवायचे.
अजूनही शिपाई नवा आला
की एखादा तीन पायांचा बाक आत आणून टाकतो.

लोक म्हणतात, बाई, पुण्याचं काम करता.
मी मान हलवते.
मनगटावर दातांची खूण आहे,
हुमेराची, गेल्या मंगळवारची,
पंखा बंद पडला तेव्हाची.
ती पुण्यात धरायची की कसं, माहीत नाही.

चौदा महिने रेवणला बटण शिकवते आहे.
लाकडी चौकटीवर ताणलेला जुना शर्ट,
चार बटणं, चार काजं.
धर. ढकल. पलीकडून ओढ.
धर. ढकल.
पलीकडे तो कधी पोचलाच नाही.
ढकललं की त्याच्या लेखी बटण गेलं.
गेलेल्याला कोण ओढतं?

त्याची आई महानंदा घरी काज-बटणाचं काम घेते,
डझनावर पैसे.
तिने लावलेली बटणं
कुणाकुणाच्या छातीवर मुंबईभर हिंडतात.
उरलेली पुडीत बांधून मला आणून देते.
"बाई, शिकवायला."
याहून जास्त ती कधी बोलली नाही.

दर सहामाहीला फॉर्म येतो.
वर्गाचे कामकाज : नियमित.
रेवणची प्रगती : प्रयत्न चालू.
कुणाचे, ते विचारलेलं नसतं.

आज घरून निघायला उशीर झाला.
उजव्या बाहीची तिन्ही बटणं तशीच राहिली.
डाव्या हाताने ती लावणं
पन्नाशी आली तरी मलाही जमत नाही.
दारातच प्रणोतीने विचारलं,
"बाई, काल तुम्ही मेला होतात का?"
नाही गं, काल रविवार होता.
"बरं," म्हणाली, आणि माझी पिशवी घेतली.

हुमेराच्या ताटलीत मणी ओतत होते.
बाही लोंबत होती.
काहीतरी ओढलं गेलं.
रेवण.
माझ्याकडे नाही, तो कधीच बघत नाही,
बाहीकडे बघत होता.
धर.
ढकल.
मग त्याची बोटं पलीकडे गेली,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तशी,
आणि त्याने ओढलं.

मी हात हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.
सगळ्यात खालचं बटण, मधल्या काजात.
बाही तिरकी झाली, चुण्या पडल्या.
तो केव्हाच खिडकीशी, आपल्या गजापाशी, निघून गेला होता.
टाळ्या वाजवायच्या राहिल्या.
मोठा आवाज त्याला सोसत नाही,
आणि खरं सांगायचं तर
मला ते कुणाला द्यायचंच नव्हतं.

पुण्यबिण्य काही नाही. मी हावरी आहे.
एवढ्यासाठी येते.
इतकं बोटभर, तेही कधी मिळेल याचा नेम नसलेलं,
आणि उद्या कदाचित पुन्हा नसलेलं.
मुख्याध्यापिकांकडे सहीला गेले ती तशाच बाहीने.

साडेबाराला महानंदा आली.
बोटातलं अंगुस्तान काढायचं विसरली होती.
नजर कारागिराची, थेट बाहीवर.
"बाई, काज चुकलंय,"
म्हणत तिने हात पुढे केला.
मी माझा मागे घेतला.
जरा जोरातच.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग बाहीकडे.
मग खाली, जिथे रेवण
एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता.

"कुठलं?" तिने हळूच विचारलं.
मी दाखवलं.

तिने ते बटण चिमटीत धरलं.
सोडवलं नाही.
नुसता दोरा ओढून पाहिला,
पक्का आहे ना.