संध्याकाळची मोजदाद

काल शेवटची गाडी गेली.
चौदा जण, आणि एक जातं,
जे उचलायला कुणी तयार नव्हतं.
ते राहिलं.

आज सवयीनं साडेपाचला आलो,
तीन नंबर बराकीसमोर उभं राहून आवाज दिला :
जोडीत बसा.
कबुतरं उठली, आणि पुन्हा बसली,
वाटेल तशी.

संगमापलीकडची ही भिंत काळ्या दगडाची.
दगड फोडणारे कैदीच होते, म्हणतात.
म्हणजे माणसं आधी आत आली,
भिंत नंतर त्यांच्याभोवती चढत गेली.

माळ्यावर जुनं रजिस्टर सापडलं, बोरूच्या अक्षरातलं.
नाव : फुलवंती. नवऱ्याचं नाव : ठाऊक नाही.
गुन्हा, या रकान्यात नुसती जात लिहिलेली.
खाली, दुसऱ्या शाईत : सोबत मूल, एक.
चार पानांनंतर
त्या मुलाला स्वतःचा नंबर आहे.

अठ्ठावीस वर्षं मी किल्ल्या वागवल्या.
डावा खांदा उतरलाय; शिंप्याला आधीच सांगावं लागतं.
बायको म्हणते, घरचंही दार तुम्ही
लावून दोनदा ओढून बघता.

दगडू नेटके सतरंज्या विणायचा.
मागाचा ठोका ऐकू येई तोवर
आम्ही चहा निवांत प्यायचो.
सुटला त्या दिवशी फाटकाबाहेर गेला
आणि थांबला, माझ्याकडे बघत,
मी ‘जा’ म्हणेपर्यंत.
मी म्हणायला जरा उशीर केला.
का केला, ते अजून सांगता येत नाही.

आता इथे काय होणार, साहेबांनाही पक्कं माहीत नाही.
संग्रहालय, तिकीट लावून. नाहीतर पार्किंग.
मापं घ्यायला आलेली पोरगी कोठडीतून म्हणाली,
काका, टेपचं टोक धरता जरा?
धरलं.
सात फूट चार इंच.
एवढीच? म्हणाली.
मी टोक सोडलं,
टेप सर्रकन तिच्या मुठीत परत गेली.

मग शेवटची ओळ लिहिली.
आत : शून्य.
बाहेर किती, हा रकाना
आमच्या रजिस्टरात कधी नव्हताच.

किल्ल्या टेबलावर ठेवून फाटकाबाहेर आलो.
रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं?
म्हटलं, पद्मावती.
नाही, म्हणाला, आणि गेला.
मी तिथंच उभा,
अजून कुणीतरी काही म्हणायचं राहिलंय
असा.