कार्ड ४४७१

केमीच्या कागद गिरणीत डिसेंबरचा सूर्य
अकराला हजेरी लावतो आणि दोनच्या आत रजा घेतो.
मी तेव्हाही दारांच्या नोंदी वाचत असते:
कोणतं दार, कोणतं कार्ड, किती वाजता.
नोंदीत नाव नसतं. नाव तक्त्यात असतं.
नोंद नुसता आकडा घेऊन येते,
तक्ता म्हणतो, हा अमका.

काल तक्ता म्हणाला,
दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत, उणे एकतीसमध्ये,
पहाटे तीन चाळीसला बॉयलरचं दार उघडलं
नेआ यूंटिक्कानं.

जेवताना मी तिला विचारलं.
पाव सूपात बुडवता बुडवता ती थांबली.
"तेव्हा मी पाचवीत होते,
आणि पहाटे तीनला, बाई, झोपेत."

चूक तक्त्याची नाही. आम्ही त्याला
आजच्यापलीकडे काही शिकवलंच नव्हतं.
४४७१ समोर शेवटचं नाव नेआचं,
म्हणून मागच्या सगळ्या रात्री नेआच्या.
खोली तीच,
म्हणून आधीच्या बिऱ्हाडाची उधारी
नव्या भाडेकरूच्या माथी.

मग मी तळघरातल्या फायली वर आणल्या.
प्रत्येक नावापुढे लिहिलं: केव्हापासून.
आणि यंत्राला बजावलं:
नोंदीची वेळ हातात धर, तक्त्यात मागे मागे जा,
आधी सुरू झालेली, सगळ्यांत जवळची ओळ घे.
पुढची ओळ मिनिटभरावर असली तरी तिला शिवू नकोस.
जो अजून आलाच नव्हता
त्यानं काही केलेलं नाही.

(दुपारी कळलं, नोंदी लिहिणारं यंत्र
गिरणीच्या घड्याळाच्या दोन तास मागे चालतं.
तोवर रात्रपाळ्या भलत्यांनाच वाटून झाल्या होत्या.
कॉफी. पुन्हा पहिल्यापासून.)

चालवलं, आणि
ताइस्तो निस्किला परत आला.

एकोणीस हजार आठशे बारा वेळा.
बॉयलर, जिना, बॉयलर, शुक्रवारी सौना,
आणि दर रात्रपाळीला तीन चाळीसच्या आसपास तेच दार.
मीटरवर त्याचा विश्वास नव्हता.
नळीला कान लावून उभा राहायचा,
आजारी गुराच्या पोटाला लावावा तसा,
आणि काही न बोलता परत यायचा.
हे तक्त्यात नाही. हे मला माहीत आहे.

ओळीला सुरुवात असून भागत नाही,
शेवटही लागतो.
नाहीतर मेलेला माणूस दारं उघडत राहतो.
मी लिहिलं: नऊ मार्च, दोन हजार एकवीस.
बोट काही वेळ कळीवर तसंच राहिलं.

नेआची ओळ सुरू होते तीन वर्षांनी.
मधे ४४७१ कुणाचंच नाही.
आणि त्या कुणाच्याच नसलेल्या काळात
एक नोंद:
चौदा मार्च, चार वाजून बारा मिनिटं,
कपडे बदलण्याची खोली.

यंत्र म्हणालं, अज्ञात.
मुदतीपुढे पाच दिवसांची सूट दिली असती
तर त्यानं ती निमूटपणे ताइस्तोच्या नावावर टाकली असती.
पाच दिवस म्हणजे काय मोठं,
पण तो पाच दिवस नव्हता.

इर्मेली आली होती. त्याचे बूट, थर्मास,
आणि लोकरीचा तो एक हातमोजा न्यायला,
ज्याचा जोडीदार घरी होता.
फाटकापासून तिच्यासोबत मीच चालले.
दारापाशी मी कार्डासाठी हात पुढे केला.
तिनं दिलं नाही.
स्वतः लावलं. हिरवा दिवा लागला.
ती त्या दिव्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "अजून ओळखतं."

संध्याकाळी तक्त्यात एक ओळ वाढवली:
४४७१, चौदा मार्च,
चार वाजल्यापासून पाचपर्यंत,
इर्मेली निस्किला.

जानेवारीत तपासनीस येतील.
विचारतील, ही कोण, हिला कर्मचारी क्रमांक कसा नाही.
विचारू देत.