आवडते फळ

तिसरीची चाचणी, प्रश्न चौथा, एका गुणाचा:
तुझे आवडते फळ कोणते?
नऊ पोरांनी संत्रं लिहिलं, चौघांनी आंबा,
एकानं 'केय', ते मी केळ करून घेतलं.
आणि मयुरी कोहळेनं
पेन्सिल पानात रुतेल इतकी दाबून:
वरनफय.

मी लाल शाईनं न चा ण केला,
य चा ळ केला,
आणि शब्द असा शुद्ध करून झाल्यावर
सबंध शब्दावर फुली मारली.

कारण ते फळ नाही.
आमच्याकडं, मिरजेला, त्याला चकोल्या म्हणतात.
तुरीच्या वरणात कणकेचे तुकडे सोडायचे, शिजवायचे.
त्याला ना मोहोर, ना देठ, ना बी.
हे मी वर्गात समजावलंसुद्धा, फळ्यावर झाड काढून.
मयुरी त्या झाडाकडं बघत होती
चुकीच्या फाट्यावर उतरवणाऱ्या कंडक्टरकडं बघावं तशी.

पौषात मला ताप आला.
ग्रामपंचायतीमागची खोली, लाइट गेलेली,
तिसऱ्या दिवशी सांजेला कडी वाजली.
बेबीनंदा कोहळे.
डोक्याला अजून वेचणीचं फडकं,
बोटांवर बोंडांचे ओरखडे,
पदराखाली डबा.
"फयं आनले बाई. गरम हायेत तवरच खा."

तापात फळं, बरोबर आहे, मी मनात म्हटलं,
केळी असतील, नाहीतर संत्र्याच्या फोडी.
पण गरम?

झाकण काढलं.
पिवळ्या दाट वरणात
शंकरपाळ्याएवढे तुकडे
थंडीतल्या पोरांसारखे एकमेकांना बिलगून,
वर लसूण, काळी पडलेली एक मिरची
आणि जवसाच्या कच्च्या तेलाचा ओघळ.

ती दारातच, जराशी ओशाळून:
"पाव्हन्याले नसते देत हे.
पोयी, भाजी, काईतरी कराव लागते.
पन आज मायाच्यानं झालं नाई.
मंग म्हनलं, बाई काय पाव्हनी हाये का?"

मी खात होते. तिला बस म्हणायचं राहून गेलं.
ती आपणहून बसली, उंबऱ्यावर,
डबा घेऊन जायचा होता म्हणून.

मग मला तो शब्द ऐकू यायला लागला.
हापशीवर एक विचारते, आज काय केलं वं?
दुसरी म्हणते, फयंच.
त्या 'च'मध्ये
बाजाराला जाणं झालं नाही हे असतं,
पाठ धरलीय हे असतं,
आणि नवरा रातच्या लाइनीवर
हरभऱ्याला पाणी द्यायला गेलाय, हेही.
"दोन दिस बोलली नाई, पन काल फयं केले तिनं":
म्हणजे मिटलं,
कोण चुकलं ते आता काढायचं नाही.
"थ्याच्या घरी म्या फयं खाल्ले हायेत":
ही सोयरीक नव्हे,
पण अडल्या रात्री कडी वाजवायला पुरते.
आणि बाळंतपणाला आलेली लेक
परत निघायच्या आदल्या दिवशी,
पुरण झालं, बासुंदी झाली, सगळ्यांचे हात धुऊन झाले,
तेव्हा चुलीपाशी येऊन हळूच म्हणते,
माय, सकायी फयं कर.

उत्तरपत्रिका कपाटात होत्या, सुतळीनं बांधलेल्या.
मयुरीची काढली.
आधी अर्धा गुण दिला.
मग त्या अर्ध्याचीच लाज वाटली, एक केला.
खालची बेरीज आता जुळत नाही.
लाल ण आणि लाल ळ मात्र तसेच राहिले,
उसन्या चपलांसारखे,
त्या शब्दाला न होणारे.

दुसऱ्या दिवशी तिला पेपर दाखवला.
तिनं गुण बघितला, बेरीज बघितली,
काही बोलली नाही.
मधल्या सुट्टीत आली, टेबलाला रेलून:

"बाई, तुमच्या चकोल्याले झाड असते का?"

नाही गं.

"मंग?"