ठिगळ

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. पहाटेचे साडेतीन,
बाबा कांदा-बटाटा मार्केटला निघायचे ती वेळ.
मी एका खेळाला ठिगळ लावतोय.

ठिगळ केवढं? दोनशे चौदा बाइट.
आख्खा खेळ त्यात नसतोच,
फक्त कुठे, किती,
आणि कशाच्या जागी काय.

पहिल्यांदा बसलं नाही.
मूळ प्रत जुळत नाही, म्हणाला कॉम्प्युटर.
कशी जुळेल? आमची कॅसेट वाशीच्या फूटपाथवरची,
पिवळी, आधीच कुणीतरी उसवून शिवलेली,
पहिल्याच पडद्यावर कंपनीचं नाव खरवडलेलं.
मूळ असं आमच्या घरात आलंच कधी?

पुढचे पाचशे बारा बाइट कातरले. पुन्हा लावलं.
बसलं.

मग तिसऱ्या पातळीवरचा खड्डा.
हर्षदा तिथे रोज मरायची.
कंट्रोलर एकच धड होता,
मेलं की दुसऱ्याला द्यायचा.
खरं सांगायचं तर
तो खड्डा मला आवडायचा.

तो मी बुजवला.
माझ्या हातचे चार बाइट, ठिगळावर ठिगळ.

रविवारी ती आली, घणसोलीहून, पोराला घेऊन.
कंट्रोलर दिला. बोललो काहीच नाही.
पहिली पातळी, दुसरी. चष्मा वर सरकवला.
मग ती जागा:
सपाट जमीन, विटेला वीट लागलेली,
आणि नेमकी तिथेच
तिच्या अंगठ्याने उडी मारली.

"वाचले की रे," म्हणाली,
आणि सवयीने
कंट्रोलर माझ्यापुढे धरला.