रेघेच्या वरनं

वीजबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला:
वायर सव्वीस मीटर, वीसनं पाचशे वीस,
पट्ट्या सहा, चाळीसनं.
कुंतीनाथ हार्डवेअरवाला म्हणाला,
"आख्खं बंडल घ्या की ताई, स्वस्त पडतंय."
आख्खं काहीच घेत नाही मी हल्ली.

मिरजेच्या दवाखान्याचे रिपोर्ट रात्री टाइप करते,
कुणाचं फुप्फुस, कुणाचा मणका.
खालचं वाय-फाय माडीवर पोचत नाही,
दगडी भिंतीत कुठंतरी बसून राहतं.
काल एका बाईच्या डाव्या खुब्यापाशी
चाक फिरत राहिलं, बारा मिनिटं.

खणभागातलं घर. आत आलं की भिंतीवर
छातीच्या उंचीला तपकिरी रेघ:
एकोणीसचं पाणी.
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
मी पट्टी फरशीलगत न्यायला बसले होते,
चार मीटर वायर वाचत होती.
आप्पा खुर्चीतनं म्हणाले,
"रेघेच्या वरनं ने."
मार्चमध्ये मी दोन बॅगा घेऊन परत आले,
तेव्हापासूनचं हे तिसरं की चौथं वाक्य.

एकतीस वर्षं लाइनमन होते ते.
उजळणीच्या आधी मला पाठ होतं
पांढरा लाल काळा पिवळा जांभळा.

जिन्याखाली इर्शादच्या ड्रिलचं बिट मोडलं.
ऐंशी रुपये. बिलावर लिहिले.
मग आप्पा उठले,
कॅलेंडर काढून ठेवलं, आणि स्क्रूड्रायव्हरनं
रंगाचे पापुद्रे टोकरत राहिले
तोवर भिंतीतनं एक गोल डबी उघडी पडली,
तिच्यात पाइप, पाइपात जुनी टेलिफोनची तार.
आईला तासगावच्या मावशीशी
मनासारखं बोलता यावं म्हणून
त्यांनीच वर नेलेली, दुसऱ्या फोनसाठी.
मला वाटायचं ती कधीच काढून टाकली.

जुन्या तारेच्या टोकाला नवी निळी बांधली,
वरनं चिकटपट्टी, घट्ट.
मी माडीवर, ते खाली.
"वढ. सावकाश. तोडू नगंस."
जुनी तार धूळ सांडत माझ्या मांडीवर येत गेली,
हातभर, दोन हात,
आणि वळणावर अडली.
मी ओढते, ती येत नाही.
खालून दोन झटके. थांब, असं असावं.
मी थांबले.
बऱ्याच वेळानं भिंतीच्या भोकातनं
चंदनाच्या पावडरीचा वास आला.
त्यामागनं पांढरं होऊन केबलचं टोक.

संध्याकाळी आठ बारीक तारा चिमटीत धरल्या.
चष्मा कपाळावर ढकलून आप्पा वाकले.
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा...
"हितं हिरव्याची जोडी फोडली का?"
"तसंच असतंय. मध्ये निळी बसते."
"फुटलेली जोडी चालती व्हय?"
"चालते."
ते तारांकडंच बघत होते.
मी पुढचा पांढरा-तपकिरी सरळ केला.

दोन कनेक्टर वाया गेले.
तिसऱ्याला हिरवा दिवा लुकलुकला,
आणि त्या बाईच्या डाव्या खुब्याचा रिपोर्ट
झाला पुरा. हाड जुळलंय म्हणे,
चालायला हरकत नाही.

खाली आले तर आप्पांनी जुनी तार
कोपर आणि अंगठ्यात आठच्या आकड्यात गुंडाळून
खिळ्याला अडकवली होती. टाकायची नाही, बहुतेक.
वीजबिल त्यांच्या हातात.
कनेक्टर, खिळे, बिट धरून माझी बेरीज नऊशे चाळीस.
तिच्याखाली पेन्सिलीनं,
लाइनमनच्या त्या तिरप्या अक्षरात,
त्यांनी एक ओळ घातली होती:
पावडर, ४५.